नोटेच्या मागे सोनं असतं का हो?

प्रश्न : आमच्याकडे रोज जेवताना एकच वाद चाललाय. सासरे म्हणतात जेवढ्या नोटा छापतात तेवढं सोनं रिझर्व्ह बँकेत ठेवावंच लागतं, आणि मुलगा (एफवायबीकॉमला आहे, त्यामुळे सगळं त्यालाच कळतं) म्हणतो आजोबा, नुसता कागद आहे तो. मग नोटेची किंमत टिकते कशी? आणि कागदच असेल तर भरपूर छापून सगळ्यांना वाटत का नाहीत?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, सासरे अगदीच चुकीचे नाहीत, फक्त त्यांची माहिती जुनी झालीये. १९५६ पर्यंत खरंच नियम होता की नोटांच्या ४० टक्के किमतीचं सोनं आणि परदेशी रोखे ठेवायचे. मग तो बदलला आणि १९५७ पासून कमीत कमी २०० कोटी, त्यात ११५ कोटींचं सोनं, एवढीच अट राहिली. आज नोटा फिरतायत ३० लाख कोटींच्या वर! २०० कोटीत घोडबंदर रोडला एखादा टॉवर होईल फारतर.

पण चिरंजीवांना सांगा, मागे काहीच नाही असंपण नाही. जेवढ्या नोटा काढल्या तेवढ्याच किमतीची मालमत्ता रिझर्व्ह बँकेला समोर दाखवावी लागते, त्यात मुख्यतः परदेशी सरकारांचे बॉन्ड आणि सोनं. एकूण सोनं तर ८०० टनांहून जास्त आहे. फक्त ते तुम्हाला मिळणार नाही. नोटेवर गव्हर्नरांचं वचन छापलेलं असतं ना, ते घेऊन तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या बेलापूरच्या ऑफिसात गेलात आणि म्हणालात पाळा वचन, तर ५०० च्या बदल्यात १०० च्या पाच मिळतील, बस्स. डॉलरचं पण तेच, ३५ डॉलरला एक औंस सोनं द्यायची सोय अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सननी १५ ऑगस्ट १९७१ ला बंद केली, ती पण फक्त परदेशी सरकारांनाच होती.

मग लोक नोट घेतात तरी कशासाठी? एक कारण कोणी बोलत नाही पण मला तेच मोठं वाटतं : इन्कम टॅक्स, जीएसटी, तुमची घरपट्टी सगळं रुपयातच भरावं लागतं, त्यामुळे रुपया प्रत्येकाला लागतोच, आवडो न आवडो.

आता वाटण्याचं. समजा रातोरात सगळ्यांकडचे पैसे डबल झाले. सकाळी वाशीच्या एपीएमसीत कांद्याच्या गाड्या मात्र कालच्याएवढ्याच आल्यात. काय होणार, भाव डबल. झिम्बाब्वेने छापत छापत १०० ट्रिलियनची नोट काढली, १ वर १४ शून्यं, आणि शेवटी तिथले लोक डॉलरमध्येच व्यवहार करायला लागले. म्हणून आपल्याकडे २०१६ पासून कायद्यातच आहे की महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची, दोन वर दोन खाली. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची कमिटी त्यासाठी रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वरखाली करते आणि आपला ईएमआय हलतो. ईएमआय वाढला की मी पण शिव्या घालतो, पण नोटेचं खरं तारण म्हणाल तर हा हात आखडता घेणंच आहे.

सोनं मग कशाला? अडचणीच्या वेळेला. १९९१ मध्ये आयातीसाठी डॉलर संपत आले, जेमतेम काही आठवड्यांचे उरले, तेव्हा ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकून डॉलर उचलले, आणि जुलैत दोनदा रुपयाची किंमतपण खाली आणावी लागली. आपण नाही का बांगड्या ठेवून कॉलेजची फी भरतो, तसंच. कच्चं तेल, गॅस बाहेरून येतं तोवर डॉलरची गंगाजळी हवीच, रुपया फारच घसरायला लागला की रिझर्व्ह बँक त्यातूनच डॉलर विकते.

आणि हो, मुलाला गप्प करायचं असेल तर एक रुपयाची नोट शोधा घरात. ती रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते, सही अर्थ सचिवांची, आणि तिच्यावर वचनबिचन काही नसतं. तरी चालते.