आधी तू बस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. एअर होस्टेसचं ट्रेनिंग संपलं, पुढच्या आठवड्यात पहिली फ्लाइट, वाचून बरं वाटलं. पण टर्ब्युलन्सबद्दल, म्हणजे हवेतल्या हादऱ्यांबद्दल, तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य खटकलं. 'टर्ब्युलन्स आला की सर्व्हिस अर्धवट सोडून बसायचं, पॅसेंजरना कसं वाटेल?' नेमक्या याच विचारापायी मी माझा घोटा मोडून घेतला.

उतरायला अर्धा तास होता. बेल्टचा दिवा लागलेला, सगळे प्रवासी बांधलेले. मी मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, शेवटची ट्रॉली आत सारत होते. एकाला कॉफी द्यायची राहिली होती, म्हणून कप भरायला वळले. पुढचं आठवतं ते छताचं प्लॅस्टिक, अगदी नाकासमोर. मग जमीन. घोटा दोन ठिकाणी मोडला. प्रवाशांपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि त्या माणसाला कॉफी काही मिळाली नाहीच.

लोक याला 'एअर पॉकेट' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, हवेत खड्डे नसतात. विमान झपकन खाली जातं, तुझं शरीर मात्र आहे तिथेच राहू पाहतं, म्हणून छत येऊन डोक्यावर आदळतं. पुढच्या क्षणी विमान सावरून वर येतं आणि तू त्याच्या जमिनीवर आपटतेस. घोटे आणि पाठीचा कणा मोडतो तो बहुतेक या दुसऱ्या फेरीत. मोडलेला घोटा आंतरराष्ट्रीय नियमांत 'गंभीर दुखापत' धरला जातो. म्हणजे विमानाला ओरखडाही नसला तरी त्या उड्डाणाची नोंद 'अपघात' अशीच होते.

21 मे 2024 ची सिंगापूर एअरलाइन्सची लंडन-सिंगापूर फ्लाइट तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलीच असेल. म्यानमारवर, 37,000 फुटांवर. प्राथमिक तपासानुसार बेल्टचा दिवा लावल्याचं वैमानिकाने म्हटलं, त्यानंतर जेमतेम 8 सेकंदांत विमान कोसळल्यासारखं खाली गेलं, आणि शरीरावरचा जोर अधिक 1.35 जी वरून (1 जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन) उणे 1.5 जी वर, म्हणजे उलट छताकडे, आला तो 0.6 सेकंदात. उंची फक्त 178 फूट कमी झाली, पण एका प्रवाशाचा जीव गेला आणि कितीतरी जण जखमी झाले. 8 सेकंदांत ट्रॉली गॅलीत नेऊन लॉक करता येते का, तूच सांग.

तेव्हा पहिला झटका बसला की मनातल्या मनात वाद घालू नकोस. ट्रॉलीचा लाल ब्रेक दाब, गरम भांडं जमिनीवर ठेव आणि जवळची रिकामी सीट धर. जंपसीटकडे, म्हणजे आपल्या क्रूच्या घडीच्या खुर्चीकडे, धावू नकोस, तिथवर पोचणार नाहीस. सीट नसेल तर खाली बस, खुर्चीचा खालचा दांडा पकड, शेजारच्या प्रवाशाला 'मला धरा' म्हणून सांग. लाजायचं नाही, लोक घट्ट धरतात. बारीकसारीक तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तसंच कर, कंपनीगणिक थोडा फरक असतो.

आणि कॅप्टनच्या हुकमाची वाट पाहू नकोस. कॉकपिटमध्ये बसून मागचं कळत नाही, शेपटीकडे हादरे पुढच्यापेक्षा जास्त लागतात. रडारला ढगातलं पाणी दिसतं, जेट स्ट्रीमच्या, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या, कडेची निरभ्र हवेतली खळबळ दिसत नाही. इंटरकॉम उचल आणि सरळ सांग, 'मागे उभं राहता येत नाहीये, आम्ही बसतोय.' चांगला कॅप्टन आभार मानेल. न मानणाराही भेटेल, तरी बस.

अमेरिकेत 2009 ते 2022 या काळात टर्ब्युलन्समुळे 163 जण गंभीर जखमी झाले. त्यातले 129 क्रू होते. ते नवखे होते म्हणून नव्हे, उभे होते म्हणून.

लागलंच तर 'काही नाही, ठीक आहे' म्हणत उठू नकोस. भीतीच्या झटक्यात दुखणं जाणवत नाही. मी मोडक्या घोट्यावर दोन पावलं टाकली होती, डॉक्टरांनी चांगलंच झापलं.

एक काम कर. जंपसीटचे पट्टे, कमरेचे आणि खांद्यांचे, डोळे मिटून लावून बघ आणि किती सेकंद लागतात ते मोजून मला कळव. मला सुरुवातीला 11 लागायचे.

तुझी,
एक जुनी सिनियर