कोल्हापुरात थंडी ती कितीशी? मग हाताने स्वेटर विणायला शिकण्यात काही अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्न होऊन कोल्हापुरात आलात, पौषात जाऊबाईंना बाळ होणार आहे, सासूबाई "कायतरी विण की" म्हणून मागे लागल्यात. आणि तुम्हाला वाटतंय की बाजारात तीन-चारशेला तयार स्वेटर मिळत असताना, तेही असल्या बेताच्या थंडीच्या गावात, सुया घेऊन का बसायचं.

पैसे वाचवायला विणणार असाल तर सरळ नाही म्हणून सांगा. चांगली लोकर आणि बटणं घेतली की खर्च तयार स्वेटरच्या आसपास जातोच, वर तुमचे हात. थंडीत तिबेटी विक्रेते जो माल मांडून बसतात तो बहुतेक लुधियानाचा, मशीनवर निघालेला. त्या भावाशी घरातल्या सुयांनी स्पर्धा करायची नसते.

थंडीचंही तुमचं म्हणणं बरोबर आहे. डिसेंबर-जानेवारीत इथं पहाटे साधारण 14-15 अंश असतात, दुपारी 29-30. एखादी लाट आली तर पारा अजून दोन-चार अंश उतरतो. तेवढ्यावर रंकाळ्याच्या काठानं माकडटोप्यांची रांग लागते ती गोष्ट वेगळी, आमच्या गावाला हौस दांडगी. पेठेतल्या दाटीच्या घरांत थंडी फारशी शिरत नाही, उसाच्या रानाकडेला किंवा नदीलगत मात्र बोचते. पन्हाळा शहरापेक्षा चारेकशे मीटर उंच, तिथं राहणाऱ्यांचा हिशेब निराळा.

तरीही मी म्हणेन, विणा. कारण हेच की इथल्या थंडीच्या मापाचं तयार काही मिळत नाही. दुकानातला बाळस्वेटर उत्तरेतल्या थंडीचा विचार करून केलेला असतो: जाड, बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा, आतून फरचं अस्तर. तो कोल्हापुरातल्या बाळाला घातला की सकाळी नऊला त्याच्या मानेवर घाम, मग घामोळं, मग रडारड. इथल्या बाळाला ऊब लागते ती पहाटेपासून ऊन अंगणात येईपर्यंत आणि पुन्हा दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात ते कापड झटकन काढता आलं पाहिजे. म्हणजे पातळ लोकर, पुढून उघडणारं, आणि जमलं तर बिनबाह्यांचं. झबल्यावर घालायची बंडीच म्हणा ना. ती घरीच होते.

पुढून उघडणारं का, तर वर्षाचं होईपर्यंत बाळाच्या डोक्याचा घेर छातीपेक्षा मोठा किंवा बरोबरीचा असतो. जन्मतः डोकं 34-35 सेंटिमीटर, छाती त्याहून एखाद-दोन सेंटिमीटर कमी. डोक्यातून घालायचा स्वेटर विणलात तर गळा डोक्याच्या मापाचा ठेवावा लागतो, मग तो मानेवर ढगळ बसतो आणि वारा नेमका तिथूनच आत जातो. गळा बेताचा ठेवला तर घालताना कान दुमडतात आणि बाळ घर डोक्यावर घेतं. पुढची बटणपट्टी हा सगळा प्रश्नच मिटवते. नवीन शिकणारीला ती सोपीही पडते, कारण गळ्यासाठी फारशी कसरत राहत नाही.

आता लोकर. दुकानात जाऊन नुसतं "लोकर द्या" म्हणालात तर ॲक्रिलिक हातात येईल. ते वाईट नाही, धुवायला सोपं, रंग पक्के, टोचत नाही. पण ते प्लॅस्टिकच्याच जातीचं, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. शेकोटीजवळ किंवा गॅसपाशी बाळाला कडेवर घेऊन उभं राहायची सवय घरात कुणाला असेल तर आधीच बजावून ठेवा. खरी लोकर सहसा भडकत नाही, नुसती करपते, पण गरम पाण्यात चोळून धुतली की आटून तिचा नमदा होतो, म्हणजे धागे एकमेकांत गुंतून कापड जाड आणि घट्ट होतं. बाळाचे कपडे आपल्याकडे कढत पाण्यात टाकायची रीत, त्यामुळे पहिल्या वेळी चार पदरी मऊ ॲक्रिलिक बेबी लोकरच घ्या. महाद्वार रोडच्या आसपास शिवणकामाचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत चौकशी करा. इतक्या लहान बंडीला शंभर ग्रॅम पुरतात, तरी एक गोळा जास्त घ्या, आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. दुसऱ्या लॉटचा पांढरा उन्हात वेगळा दिसतो, आणि ते नेमकं बारशाच्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात येतं.

सुया दहा नंबरच्या, खालच्या पट्टीला बारा नंबर. आपल्याकडे आकडा वाढला की सुई बारीक होते, हे माहीत नसलं की दुकानात गोंधळ उडतो. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर.

आणि हात आवरून आधी नमुना विणा. हे कुणीच करत नाही, सगळ्यांना घाई. तळहाताहून थोडा मोठा चौकोन विणायचा, पट्टीनं मोजायचं, दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले. समजा 28 बसले. बाळाची छाती, वाढतं अंग लक्षात घेऊन, 40 धरा, सैलपणाला 5, झाले 45. पाठीचा भाग त्याच्या निम्मा म्हणजे साडेबावीस सेंटिमीटर, त्याला 63 टाके. पुढचे दोन भाग पाठीच्या निम्मे, वर बटणपट्टीचे पाच-सहा टाके. तुमचा हात घट्ट असेल आणि दहा सेंटिमीटरमध्ये 32 बसत असतील, तर त्याच 63 टाक्यांत वीस सेंटिमीटरही भरणार नाहीत. विणकामाच्या पुस्तिकेतले आकडे जसेच्या तसे घेतलेले स्वेटर बाहुलीला होतात ते याच कारणानं.

वीण साधी ठेवा. एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट विणलं की कापड गुळगुळीत येतं पण कडा आत वळतात. सगळ्या सुया सुलट विणल्या तर दोन्ही बाजू सारख्या, कडा वळत नाहीत आणि कापड अंगावर सोडल्यासारखं पडतं. बाळाला हेच बरं. जाळीची नक्षी दिसते सुंदर, पण बाळाची बोटं तिच्यात अडकतात. आतल्या बाजूला सुटे धागे लोंबकळू देऊ नका, ते बोटाला गुंडाळले जातात. गळ्याला रिबीन किंवा गोंडे नकोत, आणि बटणं अशी पक्की लावा की ओढून बघितली तरी हलली नाहीत. नवा गोळा जोडायचा तो ओळीच्या सुरुवातीला, मधे गाठ आली की ती पाठीखाली टोचते.

रंगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पौष म्हणजे संक्रांत आलीच, आणि संक्रांतीला काळं घालतात. एरवी बाळाच्या अंगाला काळं कापड लावू न देणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्यासुद्धा त्या दिवशी काळ्या झबल्याचं कौतुक करतात. बोरन्हाणाला काळी बंडी आणि तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने, याच्यासारखा फोटो नाही. मोह होणार. पण पहिलंच विणकाम काळ्या लोकरीत करू नका. रात्री दिव्याखाली काळ्यातले टाके दिसतच नाहीत, एखादा निसटला तर चार बोटं खाली उसवत जाईपर्यंत कळत नाही. फिकट रंगावर हात बसवा, काळं पुढच्या संक्रांतीला. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत कधीही करता येतं, बाळ कुठं पळून जात नाही.

एक घरगुती अडचण येईल, ती आधीच सांगते. बऱ्याच घरांत बाळ जन्माला यायच्या आधी त्याचे कपडे करून ठेवत नाहीत. आमच्याकडेही सासूबाईंचं तेच, "पुरं करून ठिवायचं न्हाई." आमच्याकडची तोड अशी की भाग सुटे सुटे विणून ठेवायचे, शिवायचे नाहीत आणि बटणं लावायची नाहीत. पाचवीची पूजा झाली की बसून जोडून टाकायचं, एका दुपारचं काम. मला यात तोटा काही दिसत नाही. उलट बाळ बघूनच पुढचे भाग थोडे लांब-आखूड करता येतात.

तुमच्या सासूबाई मागे का लागल्या असाव्यात याचा मला थोडा अंदाज आहे. आमच्या घरी थंडी सुरू झाली की जेवणं लवकर उरकतात. सासूबाई मालिका बघत विणतात, सुयांकडे बघतही नाहीत, पण टाका निसटला की हात आपोआप थांबतो. लोकर लडीत आणली असेल तर तिचा गोळा करायचं काम असतं, आणि त्यात घरातले पुरुष सापडतात. दोन्ही हात पुढे करून, तळवे समोरासमोर धरून सासरे बसतात, हातांवर लडी चढवलेली, आणि नात धागा ओढत गोळा गुंडाळते. तेवढा वेळ त्यांना उठता येत नाही, चहाचा कपसुद्धा कुणीतरी तोंडाला लावायचा. गाळप सुरू झालेलं असतं, कुणी ना कुणी रानातनं ऊस आणून टाकलेला असतो, आणि उसाची कांडकी सोलून खाल्लेले चिकट हात लोकरीला लावले की नातीला रट्टा ठरलेला. गोळा सैल गुंडाळायचा असतो हे पोरांना पटत नाही. घट्ट गुंडाळला तर लोकर ताणली जाते आणि विणल्यावर, पहिल्या धुण्यात, आकसते. सुनेनं विणावं म्हणजे बहुतेक या बैठकीत येऊन बसावं, एवढाच त्यांचा अर्थ असेल. थेट बोलून दाखवायची त्या पिढीला सवय नाही.

आता कुणीतरी म्हणेलच की आपल्याकडे एवढी मेंढरं असताना लोकर लुधियानाची का. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, तोकडी आणि बरीचशी काळी. तिचा सुयांवर विणायचा मऊ धागा होत नाही, झाला तरी बाळाच्या अंगाला ओरखडे काढेल. ती घोंगडीची लोकर. धनगर बायका सूत काततात, मागावर पट्टी निघते, वर चिंचोक्याची खळ, की पावसातही पाणी लवकर आत येत नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, ती हीच. घोंगडी अंथरायला घ्या, बाळाच्या थेट अंगाला नको.

विणकाम अजिबातच जमलं नाही तर वाकळ, म्हणजे गोधडी, शिवा. मी तर म्हणेन, जमलं तरी शिवा. कोल्हापुरातल्या बाळाला स्वेटरपेक्षा वाकळ जास्त वापरात येते. आजीची किंवा आईची मऊ झालेली सुती लुगडी घ्या, नवं कापड नको. जमिनीवर थर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर पाट्याचा वरवंटा नाहीतर जे जड सापडेल ते ठेवायचं, आणि स्वतः त्याच्यावर बसून कडेकडेनं धावदोरा घालत आत यायचं. मधनं सुरुवात केली तर कापड फुगतं आणि घड्या पडतात. बाळाच्या वाकळीला तीन-चार थर भरपूर, त्याहून जाड केलीत तर पावसाळ्यात वाळता वाळणार नाही. आणि पावसाळा म्हणजे कोल्हापूरचा, हे लक्षात घ्या. इथं लोकरीच्या कपड्यांचा खरा वैरी थंडी नसते, जुलै-ऑगस्टची ओल असते. बंडी मात्र कढत नको, कोमट पाण्यात धुवायची, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत आडवी पसरून वाळवायची, दोरीवर लटकवली की लांबते. मे महिन्यात एकदा कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवा. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका.

क्रोशा सोपा की सुया, असं शेवटी विचारलंय. क्रोशा लवकर येतो, साखळी आणि खांब हे दोन टाके जमले की तोरण, ताटावरचा रुमाल, रुखवतातली असंख्य न लागणारी झाकणं सगळं होतं. चूक झाली तर तेवढंच उसवता येतं. पण त्याचं कापड जाड आणि थोडं ताठ येतं, पातळ बंडीला ते चालत नाही. दिवाळीनंतर लगेच बसलात तर पौषापर्यंत सुयांवर हात बसेल. पहिले टाके सासूबाईंकडून घालून घ्या, पहिल्या चार सुया त्यांनाच विणू द्या, आणि मग हातात घ्या. सुरुवातीची कड सैल-घट्ट झाली की पुढचं सगळं वाकडं दिसतं आणि शिकणारीचा धीर तिथंच सुटतो.