नील यंगची सोळा गाणी आणि तुमची पत्रं

रॉक गायक आणि गिटारवादक नील यंगच्या 'ग्रेटेस्ट हिट्स' (2004) या संग्रहाबद्दल तुमचं मत मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रांचा पाऊस पडला असं म्हणणार नाही. पण जी आली ती बाह्या सरसावून आली. त्यातली चार घेते.

ताई, मुलाने हौसेने हा संग्रह लावून दिला. मला 'हार्ट ऑफ गोल्ड' ऐकायचं होतं. पण पहिलंच गाणं नऊ मिनिटं चाललं, दुसरं दहा, आणि माझं गाणं अकरावं! ही काय मांडणी झाली? (एक वाचक, नाशिक)

गाणी ढोबळमानाने ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्या क्रमाने लावली आहेत, बाकी काही नाही. पहिली दोन 1969 ची, 'क्रेझी हॉर्स' या बँडबरोबरची. अंगात सणकून ताप असताना ही दोन आणि तिसरं 'सिनॅमन गर्ल' अशी तिन्ही सुचली, असं यंग सांगत आलाय. पहिली दोन ओलांडलीत तर ओलांडा, पण तिसऱ्यापाशी थांबा. तीन मिनिटांचंसुद्धा नाही. त्यात गिटारचा सोलो येतो आणि त्यात एकच स्वर वाजतो. परत तोच. परत तोच. बोटांची कसरत दाखवण्याची चढाओढ लागलेल्या त्या काळात हा बाबा एका सुरावर अडून बसला! आपल्याकडे गवयाने षड्ज लावून धरला की आपण 'क्या बात है' म्हणतो, मग याला का नको? हे कानात बसलं की ती नऊ मिनिटं पुन्हा लावा. तिथेही गिटार असंच अडून अडून बोलतं.

हा संग्रह म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. 'ऑन द बीच' या अल्बममधलं काही नाही, 'टुनाइट्स द नाइट' या अल्बममधलं काही नाही, 'कॉर्टेझ द किलर' हे गाणं नाही. निवड कोणत्या शहाण्याने केली? (एक वाचक, पुणे 30)

पत्ता नसता तरी ओळखलं असतं. निवड आकड्यांनी केली. विक्री किती, रेडिओवर किती वाजलं, डाउनलोड किती झालं, या हिशेबाने गाणी घेतल्याचं संग्रह काढणाऱ्यांनी उघडच सांगितलं होतं. तेव्हा फसवणूक म्हणू नका. दुखणं मात्र तुम्ही नेमकं पकडलंत.

'हार्ट ऑफ गोल्ड' 1972 मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्रेझी हॉर्सचा गिटारवादक डॅनी व्हिटन तालमीला आला. व्यसनापायी त्याला धड वाजवता येईना. यंगने त्याला परत पाठवलं आणि त्याच रात्री तो वारला. आता संग्रह बघा. व्यसनावरचं 'द नीडल अँड द डॅमेज डन' त्यात आहे, पण ते व्हिटन जिवंत असतानाचं. तो गेल्यावर, 1973 मध्ये, यंगने त्याचा आणि बँडचं सामान सांभाळणाऱ्या आणखी एका मित्राचा शोक केला, तो 'टुनाइट्स द नाइट'मध्ये. त्यातलं इथे अक्षरही नाही. म्हणजे धोक्याची सूचना ठेवली आणि सुतक गाळलं. विक्रीचा हिशेब मांडला की असंच होणार.

तुमच्याकडे 'डिकेड' (1977) असेलच. तीन एलपी, पस्तीस गाणी, निवड स्वतः यंगची, टिपणंही त्याच्याच हस्ताक्षरात. तिथे तो 'हार्ट ऑफ गोल्ड'बद्दल म्हणतो की या गाण्याने मला भर रस्त्याच्या मधोमध आणून ठेवलं, तिथे लवकरच कंटाळा आला, म्हणून गाडी कडेच्या चरात घातली. धक्के जास्त बसले, पण माणसं भेटली ती जास्त मजेदार. एकच संग्रह घ्यायचा असेल तर माझं मत 'डिकेड'ला. नवख्या माणसाला मात्र मी 2004 चाच देते, कारण 'डिकेड' जिथे संपतो त्याच्यापुढचं 'हार्वेस्ट मून' (1992) त्यात आहे, आणि त्या गाण्याने माणसं हमखास जाळ्यात येतात.

'हे हे, माय माय' 1979 चं, त्याच्यापुढचं एकदम 1989 चं. मधली दहा वर्षं हे गृहस्थ झोपले होते का? (एक वाचक, मुंबई)

झोपले कसले, नवनवे उद्योग करत होते! कधी सिंथेसायझर, कधी जुन्या धाटणीचं रॉक अँड रोल. शेवटी 1983 मध्ये गेफेन या त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. तक्रार काय, तर हा नील यंगसारखं गातच नाही! त्यातलं बरंचसं मीही पुन्हा लावत नाही. पण 'ट्रान्स' हा अल्बम अवश्य ऐका. त्यात आवाज व्होकोडर नावाच्या यंत्रातून काढल्यामुळे शब्द नीट कळत नाहीत, म्हणून लोकांनी तेव्हा टिंगल केली. यंगच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, त्याला बोलता येत नव्हतं. त्याच्याशी बोलण्याची धडपड या गाण्यांमागे होती, हे यंगने नंतर सांगितलं.

आवाज फार रडका. अर्ध्या मिनिटात बंद केलं. (एक वाचक, कोल्हापूर)

मग बंदच राहू द्या, जबरदस्ती नाही. आवाज बारीक आहे, वरच्या पट्टीत गेला की कापतोही. फक्त 'ओल्ड मॅन' एकदा पुरं ऐका. मागे लिंडा रॉनस्टॅट आणि जेम्स टेलर गातात, बँजोही टेलरचाच. तरीही नाही पटलं, तर यंगला सोडा आणि त्या दोघांच्या रेकॉर्ड घ्या.