टेलिफोन डिरेक्टरी आणि आंब्याची पेटी

प्रिय मुली,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. माझं गाणं आठवडाभर तुझ्या रेडिओवरच्या रात्रीच्या शोमध्ये लाव, बदल्यात गीतकार म्हणून तुझंही नाव टाकतो, असं तो गाण्याचा निर्माता म्हणाला. वर तू विचारतेस, "सर, पैसे तर घेत नाहीये, मग बिघडलं कुठे?"

ॲलन फ्रीड हे नाव तू ऐकलेलं नसणार. रॉक अँड रोल हा शब्द रेडिओवरून घराघरांत नेला तो या माणसाने. (शब्द त्याचा नव्हे. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत तो आधीपासून होता.) अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये लिओ मिंट्झ नावाच्या माणसाचं रेकॉर्डचं दुकान होतं. कृष्णवर्णीय गायकांच्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या गोरी पोरंही हौसेने घेतात, हे या दुकानदाराच्या ध्यानात आलं. त्याने फ्रीडच्या कानावर घातलं. १९५१मध्ये फ्रीड 'मूनडॉग' या नावाने रात्री उशिरा तीच गाणी लावू लागला.

लावायचा कसा, ते बघ. गाणं चालू असताना माइक उघडाच, समोर टेलिफोन डिरेक्टरी, आणि ठेका धरून तिच्यावर थापा. मध्येच ओरडायचा, गायीच्या गळ्यातली घंटा वाजवायचा. आमच्या वेळी रेडिओवर कुणी असं केलं असतं तर ड्युटी ऑफिसरने दुसऱ्या दिवशी मेमो हातात ठेवला असता! पण ऐकणाऱ्याला पक्कं कळायचं, की हे गाणं या माणसाच्या अंगात आलंय. २१ मार्च १९५२ला त्याने क्लीव्हलँड अरीनात नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. जागा साधारण १०,००० माणसांची, लोटली त्याच्या जवळपास दुप्पट. दारं मोडली, आणि पहिल्या गाण्यानंतरच कार्यक्रम बंद करावा लागला. पोस्टर बघून नव्हे, त्या थापा ऐकून आलेली माणसं होती ती.

१९५४मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. कृष्णवर्णीयांचं गाणं गोऱ्या गायकाकडून गुळगुळीत करून गाऊन घ्यायचं आणि तेच वाजवायचं, असा तेव्हाचा रिवाज. फ्रीड मूळ तबकडीच लावायचा. त्याच्या या हट्टाला मी आजही सलाम करतो.

आणि याच माणसाने १९५५मध्ये काय केलं? चक बेरी या कृष्णवर्णीय गायक-गिटारवादकाचं 'मेबलीन' हे गाणं बाजारात आलं, तेव्हा तबकडीवर गीतकार म्हणून बेरीसोबत आणखी दोन नावं होती. त्यांतलं एक ॲलन फ्रीड. गाणं त्याने रेडिओवर भरपूर वाजवलं आणि प्रत्येक वेळी गीतकाराच्या मानधनातला वाटा त्याच्या नावावर जमा होत गेला. पाकीट नाही, रोकड नाही. तुझ्या निर्मात्याने जे सुचवलंय ते हेच, सत्तर वर्षं जुनं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९५९मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी गाणी वाजवण्यासाठी निवेदकांना दिलेल्या पैशांवरून अमेरिकेत गदारोळ उठला. 'मी असे पैसे कधीच घेतले नाहीत' या कागदावर फ्रीडने सही करायला नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. १९६२मध्ये त्याने कोर्टात लाच घेतल्याचा गुन्हा कबूल केला. दंड झाला फक्त ३०० डॉलर, पण मोठ्या स्टेशनांची दारं बंद झाली. दारूने उरलंसुरलं संपवलं आणि १९६५मध्ये, ४३व्या वर्षी, तो गेला. माझ्या मते त्याला बळीचा बकराही केलं गेलं; पैसे खाणारा तो काही एकटा नव्हता. पण म्हणून 'मेबलीन'वरचं त्याचं नाव रास्त ठरत नाही.

मला हे बोलायचा अधिकार आहे का? एका चैत्रात कॅसेट विकणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्या घरी हापूसची पेटी ठेवली. तोंडाने काहीच मागितलं नाही. मी त्यांच्या कॅसेटमधलं एक भावगीत आठवड्यात तीनदा लावलं. गाणं बरं होतं, असं मीच मला समजावलं. पाठोपाठ एका श्रोत्याचं पोस्टकार्ड: "तेच गाणं तिसऱ्यांदा. घरचं कार्य आहे का?" आंबे तोवर संपले होते, म्हणजे परत करायचीही सोय नव्हती. कार्ड अजून माझ्या खणात आहे.

तुझी प्लेलिस्ट स्टेशनचा कॉम्प्युटर ठरवतो, ही तुझी तक्रार खरीच आहे. रात्री अकरानंतर दोन गाणी तुझ्या मर्जीची असतात ना? तेवढीच तुझी डिरेक्टरी. गाणं आवडलं तर लाव, खुशाल दहादा लाव. नाव मात्र टाकू देऊ नकोस, आणि हे त्याला फोनवर नको, लेखी कळव.

'मेबलीन' १९८६मध्ये पुन्हा एकट्या बेरीच्या नावावर झालं. त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्या मानकऱ्यांत बेरी होता, आणि फ्रीडही.

ते गाणं मला पाठव, ऐकतो. आणि मूळ कुणी लिहिलंय तेही विचारून घे. तुझ्या मेसेजमध्ये त्या पोराचं नाव कुठेच नव्हतं.

तुझा,
सर