नाटकाची गोष्ट नको, प्रयोगाचं सांगा

प्रश्न : एका साप्ताहिकासाठी मी नागपुरातल्या नाटकांची परीक्षणं लिहायला लागले आहे. परवा एका हौशी संस्थेचं ‘वाडा चिरेबंदी’ पाहिलं. इतक्या गाजलेल्या नाटकावर नवं काय लिहायचं? शिवाय ही मंडळी नोकऱ्या सांभाळून तालमी करतात. कडक लिहिलं तर त्यांना लागतं, गोड लिहिलं तर मलाच पटत नाही.
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, नाटकावर नवं लिहूच नका. महेश एलकुंचवारांचं हे नाटक विजया मेहतांनी १९८५ साली रंगमंचावर आणलं, तेव्हापासून त्यावर भरपूर लिहून झालंय. वाड्यातले वडील तात्याजी गेले, मुलगा सुधीर आणि सून अंजली मुंबईहून आले, हे सांगण्यात निम्मी जागा जाते. परवाच्या प्रयोगात काय घडलं, ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

थोरला मुलगा भास्कर, त्याची बायको म्हणजे वहिनी, रात्री घराण्याचे दागिने अंगावर घालते तो प्रसंग घ्या. एका प्रयोगात बाईंनी ते प्रेक्षकांकडे तोंड करून मिरवले. टाळी पडली, प्रसंग गेला. दुसऱ्या एका संस्थेच्या प्रयोगात, सायंटिफिक सभागृहात, पाटली चढवताना अभिनेत्रीचा हात अडला. तिनं बोटं जुळवली, जोर लावला आणि मग भास्करकडे पाहिलं. भास्कर झालेला नट काहीच करत नव्हता, नुसता बघत होता. या घरात राबून त्या बाईचे हात कसे झालेत, ते मला तिथे दिसलं. असं काही परवा दिसलं असेल तर त्याला चांगला परिच्छेदभर जागा द्या.

आणि कान बोलीकडे ठेवा. वाड्यातल्या माणसांची वऱ्हाडी आपल्या नटांच्या घरातलीच, तरी स्टेजवर गेले की काही जण पुणेरी होतात, काही हशासाठी हेल ताणतात. दोन्हींनी नुकसान होतं. सगळे एकाच सुरात बोलले की अंजली त्या घरात परकी वाटतच नाही.

राहिलं कडक-गोडचं. दोष लिहा, पण जागा दाखवून लिहा. ‘अभिनय कमी पडला’ वाचून नट काय करणार? ‘दुसऱ्या अंकात वाक्यांचे शेवट मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हते’ हे वाचून तो पुढच्या तालमीत आवाजावर काम करू शकतो. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला उभ्या राहणाऱ्या माणसाला खोटं कौतुक देणं मला अपमानाचं वाटतं. राज्य नाट्य स्पर्धेतली कितीतरी नाटकं प्राथमिक फेरीतल्या एका प्रयोगानंतर पुन्हा उभीच राहत नाहीत. मागे उरतं ते तुमचं लिहिणं, म्हणून नेपथ्य, प्रकाश करणाऱ्यांचीही नावं नीट विचारून घ्या.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकांची परीक्षणं लिहावीत का?
– एक वाचक, महाल

उत्तर : जरूर लिहा, भाऊ. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत वडशाकडच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम सुरू होतो. नाटक रात्रभर चालतं, गावोगावची माणसं तिकीट काढून येतात. गाणी, लावणी, भडक प्रवेश यांना नागपूरच्या सभागृहाचं माप लावू नका. प्रेक्षक कुठे थांबतो, कुठे उठतो, ते बघा. शाल न्या आणि पहाटेपर्यंत बसा. अर्ध्यातून उठून आलात तर त्या नाटकावर लिहू नका.