बेसन-हळद-लिंबू लावल्यावर चेहरा ओढल्यासारखा का होतो? घरचा लेप नीट कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की बेसन, हळद आणि लिंबाचा रस कालवून आठवड्यातून तीनदा लावता, पूर्ण वाळू देता, आणि धुतल्यावर चेहरा चुरचुरतो, ओढल्यासारखा वाटतो, पिवळाही राहतो. यातलं बेसन ठीक आहे. बाकी लिंबू, हळदीचं प्रमाण आणि वाळू देणं, तिन्ही बदलायला हवं.

लिंबू आधी काढून टाका, थेंबभरसुद्धा नको. त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप, अंक जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५ च्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचा २ ते २.५. या मोजणीत एक अंक म्हणजे दहापट फरक, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आंबट आहे. चुरचुरणं म्हणजे लेप ‘काम करतोय’ असं बरेच जण समजतात, पण ती त्वचेला होणारी इजा असते. दुसरं, लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाचे घटक असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे राहिलेले काळे डाग कित्येक महिने जात नाहीत. डाग घालवायला म्हणून लिंबू चोळणं मला म्हणूनच फार काळजीचं वाटतं. खाण्याचा सोडाही नको. तो उलट्या टोकाचा, ८ च्या पुढचा आहे आणि त्वचेचं स्वतःचं आम्ल संरक्षण बिघडवतो.

आता लेप. एका वेळेला पुरेल इतकं प्रमाण:

डाळीचं पीठ २ चहाचे चमचे, हळद दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढीच, ताजं आणि फार आंबट नसलेलं दही १ चमचा, आणि लागेल तसं दूध किंवा पाणी. भज्यांच्या पिठापेक्षा थोडं घट्ट व्हायला हवं. पातळ झालं तर मानेवर ओघळतं, फार घट्ट झालं तर लावता लावताच वाळतं. कालवून ५ मिनिटं ठेवा म्हणजे पीठ नीट भिजतं आणि कण मऊ पडतात. त्वचा कोरडी असेल तर दह्याऐवजी साय घ्या. तेलकट असेल तर साय आणि खोबरेल दोन्ही टाळा, त्याने पुटकुळ्या वाढू शकतात.

पिठाच्या बारीकपणाकडे सहसा कोणी बघत नाही, आणि खरी गडबड तिथेच असते. लाडवांसाठी आणलेलं रवाळ बेसन चेहऱ्यावर ओरखडे काढतं. पीठ वस्त्रगाळ हवं: जुन्या सुती ओढणीतून किंवा मलमलीतून गाळा, खाली पडेल तेवढंच वापरा. मसूर डाळ घरी मिक्सरमध्ये दळली तर हे दुप्पट लागू, कारण मिक्सरमध्ये कणी राहतेच. साखर, मीठ, अक्रोडाच्या कवचाचा भुगा चेहऱ्याला लावूच नये, अंगासाठी ठेवा.

चेहरा नुसत्या पाण्याने धुऊन ओलसर असतानाच लेप लावा. डोळ्यांभोवती आणि ओठांना लावू नका. ७ ते ८ मिनिटं पुरेत. कपाळाच्या आणि हनुवटीच्या कडेला रंग फिका पडायला लागला की उठा, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. पूर्ण वाळलेलं पीठ आक्रसतं, त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी आणि तेल ओढून घेतं, आणि मग ते काढायला घासावं लागतं. तुमचा चेहरा ओढला जातो तो यामुळे. काढताना ओल्या हाताने लेप आधी भिजवा, ओल्या फडक्याने बराचसा टिपून घ्या, मग कोमट पाणी. फडक्याने टिपण्याचा आणखी एक फायदा: पीठ पाइपात जाऊन बेसिन तुंबत नाही. चेहरा दमट असतानाच तुमचं नेहमीचं मॉइश्चरायझर लावा.

पिवळेपणाचं कारण सरळ आहे. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबणाने घासत बसण्यापेक्षा कापसावर थोडं तेल घेऊन हलकं पुसा, मग धुवा. हळद मात्र बघून घ्या. सुट्या, भडक पिवळ्या पुडीत शिशाचा रंग मिसळल्याची प्रकरणं आपल्याकडे झालेली आहेत. हळकुंडं आणून दळून घेतलेली किंवा खात्रीची पाकिटातली बरी. हळदीचीही अ‍ॅलर्जी काही जणांना असते, त्यामुळे नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि दोन दिवस बघा. खाज, पुरळ, लाली आली तर तो लेप तुमचा नव्हे.

त्वचा लगेच लाल होणारी असेल तर बेसनसुद्धा सोडा आणि ओट्स घ्या. साधे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमध्ये अगदी पूड होईपर्यंत फिरवा. चमचाभर पूड पेलाभर पाण्यात ढवळल्यावर पाणी दुधाळ झालं पाहिजे. तळाशी चटकन बसली तर अजून फिरवा. या पुडीचे २ चमचे आणि १ चमचा मध, पाण्यात कालवून १० मिनिटं. घरच्या लेपांमध्ये मला हा सगळ्यात भरवशाचा वाटतो.

कोरडं मिश्रण काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने घेत, महिनाभर टिकतं. पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, कुबट वास आला की टाका. कालवलेलं उरलं तर लगेच टाका. दही-पिठात जंतू झपाट्याने वाढतात.

आठवड्यातून तीनदा फार होतं. तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा-दोनदा, कोरडीला दहा दिवसांतून एकदा. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगनंतर दोन दिवस काहीच नको. मुरुमांसाठी अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन चालू असेल तरी थांबा, त्या काळात त्वचा आधीच सोललेली असते. लेपाने चेहरा स्वच्छ आणि मऊ होतो, एवढं तो नक्की करतो. वांग, खोल व्रण किंवा पू असलेले मुरूम त्याने जात नाहीत. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि वांग असेल तर रोज सनस्क्रीन लावायला आजपासूनच सुरुवात करा.