गावाची नर्सबाई, आपली माय

"आई गेली आणि मला रडू आलं नाही. उलट कोणी तिचं कौतुक केलं की रागच येतो. माझ्यात काही बिघडलंय का?"

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. गावासाठी झिजलेल्या माणसांच्या घरातून तर जरा जास्तच. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाईची गोष्ट तिला विचारून सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खरं तर ती आईचं दुःख घेऊन आलीच नव्हती. दहा वर्षांच्या लेकीवर तिने हात उचलला होता आणि त्याने ती स्वतःच हादरली होती. मुलीने बाहुल्या ओळीने मांडल्या होत्या. एकेकीला झाकणातून 'डोस' पाजायची, मग मार्करने तिच्या डाव्या करंगळीवर काळी खूण करायची आणि म्हणायची, "करंगळी दाखव गं!" हे सगळं आजीचं. आजी आरोग्य उपकेंद्राची नर्सबाई. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मोहिमेचा रविवार आला की ती बूथवर, आणि हे वाक्य तिच्या तोंडात. आजीला जाऊन दोन महिने होत होते आणि नातीचा सूर अगदी तोच लागला होता.

"माह्या डोक्यात काय गेलं मले समजलंच नाही, मॅडम. मार्कर हिसकला अन् पोरीले एक ठेवून देली."

आई गेली तेव्हा कसं झालं, असं विचारलं तर म्हणाली, "समदे रडत होते. मी पाहत होती का पाहुण्यायचा चहा झाला का नाही." तेरवीला आसपासच्या गावांतून माणसं आली. स्टँडवर फ्लेक्स लागला. सरपंच बोलले, मास्तर बोलले, एक म्हातारी तर उभी राहून म्हणाली की माझी चारही लेकरं या बाईच्या हातावर जन्मली. ही मागे बुंदीच्या घमेल्याजवळ बसून ऐकत होती. "देवमाणूस होती म्हणे. मले वाटे, उठून सांगावं, तुमच्यासाठी होती बाप्पा."

सभेत कोणी खोटं बोललं नव्हतं. पण त्या सगळ्यांनी नर्सबाईला आपल्या दारात येताना पाहिलं होतं. ती घरातून निघताना पाहिली ती फक्त हिने.

त्या काळी उपकेंद्रातली नर्स म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. सरकारी हिशेबाने सपाट भागात पाच हजार माणसांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांमागे. त्यात चार-पाच गावं सहज येतात. आशाताई आल्या २००५ नंतर, १०८ ची गाडी महाराष्ट्रात आली २०१४ मध्ये. त्याआधी रात्री पोट दुखायला लागलं की नर्सबाईच्या क्वार्टरची कडी वाजायची. बैलगाडी असली तर बैलगाडी, नाहीतर पायी.

हिच्या मनात एक दिवस रुतून बसला होता. आठ-नऊ वर्षांची असताना तापाने फणफणली होती. आईने कपाळावर ओली पट्टी ठेवली, शेजारच्या काकूला हाक मारली आणि लशीचा डबा खांद्याला अडकवून निघाली. परत आली ती दिवे लागल्यावर. "एक दिवस नसती गेली तर का झालं असतं?"

उत्तर मला ठाऊक होतं, तिलाही होतं. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. डब्यातला बर्फ वितळायच्या आत सत्र उरकायचं असतं. गोवराची किंवा बीसीजीची कुपी एकदा फोडली की काही तासांतच वापरायची, उरली तर फेकायची. त्या दिवशी ती गेली नसती तर त्या गावाची लेकरं पुढच्या महिन्यापर्यंत लशीवाचून राहिली असती. हे सगळं पटूनही आठ वर्षांच्या पोरीचा राग जात नाही. नातेवाईक इथेच चुकतात. कारण समजावून सांगितलं की झालं, असं त्यांना वाटतं. "तिची नोकरीच तशी होती ना," हे वाक्य हिने इतक्यांदा ऐकलं होतं की आपल्याला दुखलं हे सांगायलाही ती लाजत होती.

म्हणून मी तिला चांगल्या आठवणी आठवायला सांगितलं नाही. आई ज्या ज्या दिवशी हवी होती आणि नव्हती, ते दिवस सांगा म्हटलं. पोळा, दहावीचा निकाल, पहिली पाळी. ती भराभर सांगत गेली. मग सगळ्यात अवघड गोष्ट आली, ती नातीबद्दलची. निवृत्तीनंतर आजी नातीची वेणी घालायची, तिला शाळेत सोडायची, तिच्यासाठी डब्यात रोज नवं काहीतरी करायची. "माही वेणी शेजारची काकू घाले. अन् इथं रोज दोन वेण्या, रिबिनी लावून. मी दारात उभी राहून पाहत राहू." मग हळूच म्हणाली, "आपल्याच पोरीचा हेवा करते का हो कोणी?"

करतात. पुष्कळ जणी करतात, बोलत नाहीत एवढंच. आईला उशिरा सवड मिळाली आणि ती नातीच्या वाट्याला गेली, यात नातीचा दोष नाही आणि हिचाही नाही. त्या थपडेमागे हेच होतं.

रात्रीच्या कडीबद्दल बोलत असताना एकदा ती मध्येच थांबली. कडी वाजली की आई म्हणायची, "स्टोव्ह पेटव." ही उठून पंप मारायची, पाणी ठेवायची. काचेच्या सिरिंजा आणि कात्री उकळायचा ॲल्युमिनियमचा चपटा डबा होता, त्याचं झाकण वाफेने टकटक वाजायचं. आई साडी सारखी करत हिला विचारायची, गणित झालं का, मास्तर काय म्हणाले. भाऊ झोपलेला असायचा. पाणी उकळेपर्यंत दोघीच जाग्या.

त्या दिवशी ती रडली. त्यावरून सगळं सुटलं असं मात्र समजू नका. पुढच्या भेटीत राग तेवढाच होता, भावावरही थोडा निघाला. शोक असाच मागे-पुढे होत राहतो.

मुलीच्या बाबतीत तिला दोनच गोष्टी सांगितल्या. तिची माफी मागा आणि खरं कारण सांगा: "मला माझ्या आईचा राग आला होता, तो तुझ्यावर निघाला." आणि बाहुल्यांचा खेळ बंद करू नका. मोठ्यांसारखं बसून रडणं मुलांना जमत नाही. ती थोडं रडतात, थोडं खेळतात, पुन्हा तोच प्रश्न विचारतात. आजीचं लुगडं कपाटात दडवल्याने तिची आठवण जाणार नव्हती, ते घरात बोलायचं नाही एवढंच त्या पोरीला कळलं असतं.

रडू न येणं हा आजार नाही, गेलेल्या माणसाचा राग येणं हाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे 'लांबलेला शोक' म्हणायलाही किमान सहा महिने जावे लागतात. त्यानंतरही रोजचं काम सुचत नसेल, मन त्याच एका माणसाभोवती अडकून पडलं असेल, तर डॉक्टरांना भेटा. आणि आपणही जावं असे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. गावकऱ्यांना पुन्हा फ्लेक्स लावायचा आहे आणि तिच्या घरात फोटोवरून वाद पेटलाय. भाऊ म्हणतो, पांढऱ्या साडीतला, सत्काराचा. ही म्हणते, गाऊनमधला, दातांत रिबिन धरून नातीची वेणी घालतानाचा. "गाऊनमधला फोटो चौकात लावते का कोणी?" असं भावाचं म्हणणं. परवा फोनवर तिने माझं मत विचारलं. मी म्हटलं, फ्लेक्सवर दोन फोटो मावतात की. तर म्हणाली, "मंग तो पाचशे रुपये जास्तीचे मागते ना, मॅडम!"